लाकडाची शेगडी व पेलेट शेगडी

लाकडाची शेगडी व पेलेट शेगडी ही थंड प्रदेशांत घर उबदार ठेवण्यासाठी वापरली जाणारी दोन बंदिस्त साधने आहेत. पहिलीत सरपणाच्या ढलप्या हाताने घातल्या जातात. दुसरीत लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या लहान कांड्या, म्हणजे पेलेट, यंत्राने आपोआप पुरवल्या जातात. उत्तर अमेरिका, इटली, ऑस्ट्रिया, जर्मनी आदी ठिकाणी घरात शेगडी बसवताना या दोहोंपैकी कोणती निवडावी, हा प्रश्न वारंवार पडतो. दोन्हींचे इंधन मुळात लाकूडच असल्यामुळे त्यांच्यातील फरक उष्णतेचा कमी आणि परावलंबनाचा अधिक आहे. लाकडाची शेगडी घरातील माणसाच्या श्रमांवर व सवडीवर चालते, तर पेलेट शेगडी वीज आणि कारखाना यांवर.

रचना

लाकडाची शेगडी म्हणजे काचेचे दार असलेली ओतीव लोखंडाची किंवा पोलादाची पेटी. उघड्या शेकोटीची बरीचशी उष्णता धुराड्यातून निघून जाते. ही उणीव दूर करण्याच्या हेतूने बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४० च्या दशकात अमेरिकेत लोखंडी शेगडी तयार केली होती. आजच्या शेगडीत जाळाच्या वरच्या भागात तापलेली हवा पुन्हा सोडतात. त्यामुळे लाकडातून निघणारे ज्वलनशील वायू धुराड्यात जाण्याआधीच पेटतात व धूर कमी होतो. चालणारे भाग जवळजवळ नसल्याने बिघडण्यासारखे त्यात फारसे काही नसते.

पेलेट शेगडी हे त्यामानाने गुंतागुंतीचे यंत्र आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पर्यायी इंधनांचा शोध सुरू झाला आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत घरगुती पेलेट शेगड्या बाजारात आल्या. टाकीतील कांड्या मळसूत्री दांड्याने थोड्या थोड्या पुढे सरकतात व छोट्या ज्वलनपात्रात पडतात. एक पंखा ज्वलनाला हवा पुरवून धूर बाहेर काढतो, दुसरा गरम हवा खोलीत सोडतो. ठरवलेले तापमान गाठले की यंत्रणा इंधनाचा पुरवठा आपोआप कमी करते. टाकी एकदा भरली की साधारण दिवसभर पाहावे लागत नाही. पंख्यांची घरघर मात्र सतत ऐकू येते, आणि शांत जाळासमोर बसण्याच्या अपेक्षेने ही शेगडी घेणाऱ्यांची तेथे निराशा होते.

इंधन

लाकडाच्या शेगडीचे यश शेगडीपेक्षा सरपणावर अवलंबून असते. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. असे दहा किलो लाकूड शेगडीत घातले तर सुमारे पाच किलो पाण्याची वाफ करण्यातच जाळाची शक्ती खर्च होते. जाळ थंड पडतो, धूर वाढतो आणि धुराड्याच्या आतून क्रिओसोट नावाचा डांबरासारखा थर जमतो. हा थर पेटल्यास धुराड्याला आग लागते. म्हणून लाकूड फोडून, पावसापासून झाकून पण बाजूंनी वारा खेळेल अशा रीतीने रचून, एक ते दोन वर्षे वाळवतात. आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली आली की ते जाळण्याजोगे होते. ओकसारखे घट्ट लाकूड अधिक काळ घेते. आर्द्रता मोजण्याचे दोन टोकांचे स्वस्त उपकरण मिळते, परंतु ते ढलपीच्या बाहेरच्या बाजूस न लावता ती नव्याने फोडून आतल्या बाजूस लावावे लागते. ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही आणि ओले सरपण कोरडे समजून विकत घेतले जाते.

पेलेटमध्ये हे सगळे काम कारखान्यात उरकलेले असते. वाळवून बारीक केलेला भुसा पोलादी साच्याच्या छिद्रांतून प्रचंड दाबाने ढकलतात. घर्षणाच्या उष्णतेने लाकडातील लिग्निन मऊ होते आणि थंड झाल्यावर तेच भुशाला बांधून ठेवते. वेगळा डिंक लागत नाही. महाराष्ट्रातील गोठ्यांत परिचित असलेली पशुखाद्याची कांडी अशाच प्रकारच्या यंत्रातून निघते. घरगुती पेलेटचा व्यास सहसा ६ किंवा ८ मिलिमीटर असतो. आयएसओ १७२२५-२ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार सर्वोत्तम म्हणजे ए१ प्रतीच्या पेलेटमध्ये आर्द्रता १० टक्क्यांपेक्षा आणि राख ०.७ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये. अशा सुमारे दोन किलो पेलेटमधून एक लिटर तापनतेलाइतकी उष्णता मिळते. पाणी लागले तर मात्र कांडी फुगून तिचा पुन्हा भुसा होतो, म्हणून पोती कोरड्या जागीच ठेवावी लागतात.

वीज गेल्यास

मळसूत्र, पंखे, नियंत्रक आणि पेटवणारी तार ही सर्व विजेवर चालतात. पेटवताना काहीशे वॅट लागतात, नंतर साधारण शंभर वॅट किंवा त्याहून कमी. खर्चाच्या दृष्टीने ही वीज किरकोळ आहे. पण ती गेली की टाकी भरलेली असूनही शेगडी बंद पडते. बॅटरी किंवा जनित्राची सोय आधीच केलेली नसेल, तर ज्या रात्री उबेची सर्वाधिक गरज असते त्याच रात्री ती निरुपयोगी ठरते. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक व ओंटारिओ प्रांतांत आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात गोठणाऱ्या पावसाने विजेचे मनोरे कोसळले. लाखो लोक अंधारात राहिले, काही भागांत तर कित्येक आठवडे. विजेवर घर तापवणाऱ्या क्वेबेकमध्ये ज्यांच्याकडे लाकडाची शेगडी होती त्यांची घरे राहण्याजोगी राहिली.

धूर आणि कायदा

शहरी वस्तीत निवडीचा हा प्रश्न केवळ घरापुरता राहत नाही, कारण धूर शेजाऱ्यांच्या श्वासात जातो. लाकडाच्या धुरातील सूक्ष्मकण फुप्फुसे व हृदय यांना अपायकारक असतात, आणि थंडीत हवा स्थिर असताना ते जमिनीलगत साचतात. पेलेट शेगडीत इंधन कोरडे, एकसारखे आणि हवा मोजून दिलेली असल्याने कण बरेच कमी निघतात. लाकडाच्या शेगडीत तेच प्रमाण चालवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. रात्रभर विस्तव टिकावा म्हणून हवेची झडप आवळून ठेवणे ही सर्वांत घातक सवय होय.

अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमानुसार मे २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या शेगड्यांना तासाला २ ग्रॅम कणांची मर्यादा आहे. प्रत्यक्ष सरपण जाळून चाचणी केल्यास ती २.५ ग्रॅम धरतात. युरोपीय संघात १ जानेवारी २०२२ पासून नव्या बंदिस्त लाकूड शेगडीची हंगामी कार्यक्षमता किमान ६५ टक्के, तर पेलेट शेगडीची किमान ७९ टक्के असावी लागते. माँट्रियल शहराने १ ऑक्टोबर २०१८ पासून तासाला २.५ ग्रॅमपेक्षा अधिक कण सोडणाऱ्या शेगड्यांच्या वापरास मनाई केली. मात्र वीज तीन तासांहून अधिक काळ गेल्यास ही मनाई लागू होत नाही. १९९८ चा अनुभव गाठीशी असलेल्या शहराने ठेवलेली ही सवलत बोलकी आहे.

खर्च व देखभाल

स्वतःचे रान असलेल्या किंवा स्वतः लाकूड फोडणाऱ्या कुटुंबाला सरपण जवळजवळ फुकट पडते, अर्थात श्रमांचा हिशेब न केल्यास. पेलेटचा भाव सहसा स्थिर असतो, पण नेहमीच नाही. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय संघाने रशियातून होणारी लाकडाची आयात बंद केली आणि इतर इंधनेही महागली. तेव्हा जर्मनी व ऑस्ट्रियात पेलेटचे भाव एका वर्षात दुपटीहून अधिक झाले. लाकडाच्या शेगडीला उंच, उष्णतारोधक धुराडे लागते, आणि नव्या घरात ते शेगडीइतकेच महाग पडू शकते. उत्तर अमेरिकेत पेलेट शेगडीचा धूर बारीक नळीने भिंतीतूनही बाहेर काढता येतो. तिचे ज्वलनपात्र मात्र दर काही दिवसांनी साफ करावे लागते, आणि सुटा भाग बिघडला तर तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते.

सुरक्षितता

दोन्ही शेगड्यांसाठी धुराडे वर्षातून किमान एकदा साफ करणे आणि घरात कार्बन मोनॉक्साइड सूचक बसवणे आवश्यक मानले जाते. पेलेटच्या बाबतीत एक धोका कमी परिचित आहे. मोठ्या प्रमाणात साठवलेल्या कांड्यांतून न जळताही कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. हा वायू वासहीन असल्याने बंद कोठारात शिरलेल्या माणसांचे युरोपात मृत्यू झाले आहेत. अशा कोठारात वायुवीजन हवे आणि शिरण्यापूर्वी ते उघडे ठेवून हवा खेळू द्यावी.

भारतात

काश्मीरमधील बुखारी आणि लाहौल-स्पितीमधील पत्र्याचा तंदूर ही लाकडाच्या शेगडीचीच रूपे होत. भारतात तयार होणारे जैवभाराचे पेलेट प्रामुख्याने उद्योगांच्या बॉयलरमध्ये व औष्णिक वीजकेंद्रांत कोळशाबरोबर जाळले जातात. महाराष्ट्रात पूर्वी वापरात असलेल्या भुशाच्या शेगडीत डब्याच्या मधोमध बाटली उभी करून भोवती भुसा ठासून भरत व मग बाटली काढून घेत. सैल भुसा नीट जळत नाही, तो दाबावा लागतो, हे पेलेटमागील तत्त्व त्या शेगडीतही होते; फक्त दाब हाताचा होता.