न उठलेला मनोरा

इतिहास हा घडलेल्या गोष्टींचा असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु मनुष्याने जे करावयाचे योजिले आणि जे त्याच्या हातून झाले नाही, त्याचाही एक इतिहास असतो. आणि शहरांच्या बाबतीत तर तो मनोरंजक असून शिवाय बोधकही असतो. एखाद्या काळच्या लोकांस भविष्याविषयी काय वाटत होते, हे कागदावरच राहिलेली इमारत जितक्या मोकळेपणाने सांगते, तितके बांधून झालेली इमारत सांगत नाही. कारण प्रत्यक्ष बांधताना स्वप्नास पुष्कळ कात्री लावावी लागते. कॅनडा देशातील टोरोंटो शहरी, यंग स्ट्रीट व कॉलेज स्ट्रीट यांच्या नाक्यावर, एका मोठ्या दुकानाच्या माथ्यावर ३८ मजल्यांचा मनोरा उठावयाचा होता. तो उठला नाही. त्या न उठलेल्या मनोऱ्याची हकीकत आम्ही येथे सांगणार आहो.

या हकीकतीचा आरंभ एका लहान दुकानापासून होतो. टिमथी ईटन हा उत्तर आयर्लंडातून आलेला गृहस्थ. त्याने १८६९ साली यंग स्ट्रीटवर दुकान घातले. मालाची किंमत एकच, ती रोख द्यावी, घासाघीस करू नये, आणि माल पसंत न पडल्यास पैसे परत घ्यावेत, असा त्याचा शिरस्ता होता. गिऱ्हाइकाशी तासभर हुज्जत घालणे हीच व्यापाराची कला मानणाऱ्या त्या काळी हा प्रकार लोकांस नवलाचा वाटला. पण हळूहळू त्याची पत बसली. १८८४ पासून त्याचा कॅटलॉग खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांच्या घरी जाऊ लागला. १९०७ साली टिमथी वारला, तेव्हा त्याचे दुकान हे एक भले मोठे सर्ववस्तुभांडार झाले होते. क्वीन स्ट्रीटच्या एका अंगास ईटन आणि दुसऱ्या अंगास त्याचा प्रतिस्पर्धी सिम्प्सन. या दोघांच्या समोरासमोर असण्यानेच यंग व क्वीन हा नाका शहराच्या बाजारपेठेचा मध्यबिंदू बनला.

मोठ्या व्यापाऱ्यास एके दिवशी असे वाटू लागते की, आपण शहराच्या मागे जाण्याऐवजी शहरानेच आपल्या मागे यावे. ईटन मंडळींस तसे वाटले. शहराची वस्ती उत्तरेकडे वाढत होती. तेव्हा १९१० च्या सुमारापासून त्यांनी जुन्या दुकानाच्या उत्तरेस, सुमारे एक किलोमीटरवर असलेल्या कॉलेज स्ट्रीटच्या नाक्याजवळ गुपचूप जागा घेण्यास प्रारंभ केला. गुपचूप म्हणण्याचे कारण उघड आहे. बडे गिऱ्हाईक आले आहे ही कुणकुण लागताच जमिनीचा भाव रातोरात चढतो. आपल्या भाषेत अटकळ आणि सट्टा असे दोन शब्द आहेत. जीभ जे करते ती अटकळ आणि थैली जे करते तो सट्टा, एवढाच काय तो दोहोंत भेद. नगरीचे काळीज उद्या कोठे असेल, याविषयी शहरातील रिकामा मनुष्य अटकळ बांधतो. ईटन यांनी त्याच प्रश्नावर आपले द्रव्य लावले.

या योजनेत एक गोष्ट मोठी मार्मिक होती. त्या नव्या जागेचा काही भाग घेऊन सिम्प्सननेही तिकडेच यावे, असे ईटन यांनी सुचविले. प्रतिस्पर्ध्यास शेजारी बोलावणे प्रथमदर्शनी वेडेपणाचे वाटेल. परंतु त्यात व्यापाराचे खरे ज्ञान आहे. एक दुकान म्हणजे दुकानच. बाजार होण्यास अनेक दुकाने लागतात. गिऱ्हाईक बाजारास जाते, आणि बाजारात गेल्यावर मग दुकान निवडते. सिम्प्सन यांसही हे ठाऊक असावे. कारण त्यांनी तो प्रस्ताव नाकारला आणि आहे त्याच जागी आपले दुकान वाढविले. ईटन यांचा डाव पहिल्या ठिकाणी फसला तो येथे.

तथापि त्यांनी माघार घेतली नाही. माँट्रियलचे रॉस व मॅकडोनल्ड आणि टोरोंटोचे स्प्रोट व रोल्फ या शिल्पज्ञांकडून नवा आराखडा तयार झाला. खाली विस्तीर्ण दुकान आणि वर गगनभेदी मनोरा. दुकानावर कचेऱ्या कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, दुकानाची मिळकत भुईपासून वर जाताना मजल्यागणिक उतरत जाते. वाटसरू तळमजल्यात सहज शिरतो, दुसऱ्या मजल्यावर काही कामाकरिता चढतो, दहाव्यावर तो सहसा जात नाही. उलट, कचेरीस वाटसरूची गरज नसते. तिला उजेड, शांतता आणि लिफ्ट मिळाली म्हणजे पुरे. म्हणून मोक्याच्या ठिकाणी महाग जमीन घेणारा मालक भुई दुकानास देतो आणि आकाश कचेऱ्यांस विकतो. मात्र या हिशेबात एक मेख आहे. वरच्या मजल्यांचा भार पेलणारे खांब आणि लिफ्टचे मार्ग खालच्या दुकानातून न्यावे लागतात, आणि त्यांचा विचार पाया घालण्यापूर्वीच करावा लागतो. मनोऱ्याचा सट्टा शिखरावर खेळला जातो असे आपणांस वाटते. तो खरोखर पायात खेळला जातो.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि मंदीची लाट सर्वत्र पसरली. ३० ऑक्टोबर १९३० रोजी नव्या दुकानाचे दरवाजे उघडले, ते योजनेच्या पहिल्या टप्प्याचे: सात मजले, आणि वर आकाश. त्याच सुमारास शहरात एका बँकेची ३४ मजली इमारत पुरी होत होती. ती पुढे १९६२ पर्यंत राष्ट्रकुलातील सर्वांत उंच इमारत म्हणून मिरवली. ईटनचा मनोरा उठता, तर तो मान त्यास मिळता.

परंतु जे सात मजले झाले ते हलक्या हाताने झाले नाहीत. बाहेरून मॅनिटोबा प्रांतातील टिंडल चुनखडी, जिच्यात पुरातन सागरी जीवांचे ठसे दिसतात. सातव्या मजल्यावर झाक कार्लू या फ्रेंच शिल्पज्ञाने सभागृह व वर्तुळाकार भोजनगृह सजविले. या दुकानाभोवतीचा परिसरही भारदस्त असावा, अशी मालकांची इच्छा होती. जवळच्या कार्लटन स्ट्रीटवर १९३१ साली उघडलेले मेपल लीफ गार्डन्स हे बर्फावरील हॉकीचे क्रीडागृह ईटनकडून घेतलेल्या जागेवर, त्याच रॉस व मॅकडोनल्ड यांनी उभारले.

एवढे करूनही बाजार हलला नाही. क्वीन स्ट्रीटचे जुने दुकान मुख्यच राहिले, आणि नवे दुकान प्रामुख्याने घरसामानाचे ठरले. मंदी गेली, महायुद्ध आले आणि संपले, १९५४ साली यंग स्ट्रीटखालून भुयारी रेल्वे सुरू झाली. तिची स्थानके क्वीन व कॉलेज या दोन्ही नाक्यांवर झाली, तरी मनोऱ्याचा आराखडा बासनातून बाहेर आला नाही. जमीन विकत घेता येते. लोकांच्या पायांची सवय विकत घेता येत नाही.

अखेर ईटन यांनी आपली महत्त्वाकांक्षा पुन्हा जुन्या जागेकडे वळविली. १९६० नंतरच्या दशकात क्वीन स्ट्रीटजवळ दुकाने व कचेऱ्यांचे मनोरे यांचे एक प्रचंड संकुल उभारण्याचा त्यांचा बेत जाहीर झाला. त्यासाठी १८९९ साली उघडलेले जुने नगरभवन, केवळ त्याचा घड्याळाचा मनोरा ठेवून, पाडावयाचे होते. यावेळी आड आली ती मंदी नव्हे, माणसे. नागरिकांनी विरोध केला, आणि १९६७ साली तो बेत मागे घ्यावा लागला. पुढे बदललेल्या आराखड्याप्रमाणे ईटन सेंटर १९७७ साली उघडले: काचेच्या छताखाली लांबलचक बाजारवीथी, आणि तिच्या कडेस कचेऱ्यांच्या इमारती. नगरभवन जागच्या जागी राहिले.

त्याच वर्षी कॉलेज स्ट्रीटचे दुकान बंद झाले, आणि सातव्या मजल्यास कुलूप लागले. ज्या सभागृहात ग्लेन गूल्ड या थोर पियानोवादकाने ध्वनिमुद्रणे केली, तेथे धूळ साचू लागली. १९८३ साली त्या मजल्यास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला. पण मान मिळणे निराळे आणि दिवा लागणे निराळे. वाद न्यायालयापर्यंत गेला, वर्षांमागून वर्षे लोटली, आणि २००३ साली ते दालन पुन्हा उघडले. आज ते कार्लूच्याच नावाने ओळखले जाते. आमच्या मनात येते ते हे की, मनोरा उठता तर हा सातवा मजला शिखर न राहता पायथा झाला असता, आणि त्याच्यासाठी कोणी इतके झगडले असते की नाही, कोण जाणे.

मग मनोरा आला. ईटन यांनी जमविलेल्या त्याच टापूच्या दक्षिण टोकास, २०१४ साली, ७८ मजल्यांचा मनोरा पुरा झाला. त्याच्या तळाशी दुकाने आहेत. पण वर कचेऱ्या नाहीत, घरे आहेत. योजनेची उंची पुरी झाली, दुपटीने पुरी झाली; परंतु ज्या घराण्याने ती योजिली होती त्याची पेढी १९९९ सालीच दिवाळ्यात निघाली होती. तिचे नाव मात्र आजही क्वीन स्ट्रीटच्या बाजारवीथीवर आहे.

यावरून मोठी स्वप्ने पाहू नयेत, असे आम्ही म्हणत नाही. ईटन यांची शहराविषयीची अटकळ सर्वस्वी खोटी नव्हती. ती सुमारे शंभर वर्षे लवकर होती, आणि व्यापारात लवकर येणारा व उशिरा येणारा हे दोघेही सारखेच बुडतात. आमचे म्हणणे एवढेच की, एखाद्या शहरात नव्या मनोऱ्याची वार्ता उठली म्हणजे त्याची उंची किती हे विचारण्याआधी, त्याच्यासाठी काय पाडावयाचे आहे हे नागरिकांनी विचारावे. न उठलेला मनोरा पुढची पिढी उठवू शकते. पाडलेले नगरभवन कोणतीही पिढी परत आणू शकत नाही.