फियाटचे इंजिन

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेली फियाट पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. मुंबईतली तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली.

आमच्या चिंचपाड्यात एका स्नेह्यांकडे वडिलांची १९७० ची फियाट आहे. पत्रा गंजलेला, पिस्टन जाम. मुलगा म्हणतो, “डिझेल इंजिन टाकू, नवापूरला तरी जाता येईल.” त्याचे चुकत नाही, घराला गाडी हवीच आहे. पण इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते, ती चासी, सांगाडा, इंजिन यांत मोठा बदल नसेल तरच.

मी सुचवले, आधी इंजिनाचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. मग ब्लॉक रीबोअर होतो का, हे मेकॅनिकला विचारा. पत्रा आणि रंग शेवटी. इंजिन बदलले तर गाडी धावेल. पण वडील घरी आल्याची वर्दी देणारा आवाज पुन्हा ऐकू येणार नाही.