प्लेगनंतरची मुंबई आणि भाड्याची खोली

१८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं मांडवी भागांत प्लेगचें निदान केलें, आणि थोड्याच महिन्यांत आठ लक्षांच्या मुंबईंतून कित्येक लक्ष माणसें कोंकणांत, घाटावर, गुजराथेंत निघून गेलीं. श्रोतेहो, त्या ओसाड दिवसांत एरवीं महिना उलटल्यावर पगार देणाऱ्या गिरण्या रोजचा रोज पैसे मोजूं लागल्या. त्यांचीं माणसें नाक्यावर उभीं राहून मजुरांसाठीं लिलावासारखी बोली बोलत. माणूस महागला, खोल्या मात्र रिकाम्या पडल्या.

हें फार दिवस टिकलें नाहीं. सांथ वर्षानुवर्षें फिरून येतच राहिली, तरी पोटासाठीं माणसें परतलीं. १९०१ च्या खानेसुमारींत ७,७६,००६ असलेली वस्ती १९११ सालीं ९,७९,४४५ झाली. गिरण्या चालूं लागल्या. पण राहावयाचें कोठें?

कोंदट वस्त्या पाडून शहरांत हवा-उजेड आणावा, ह्या चांगल्या हेतूनें १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते त्याचेच. परंतु पाडणें झपाट्यानें झालें, बांधणें रेंगाळलें. आग्रीपाड्यास चाळी झाल्या, त्या अपुऱ्या. उठविलेलें कुटुंब कामाजवळच्याच दुसऱ्या जुन्या चाळींत शिरे. तेथील गर्दी आणि भाडें दोन्ही वाढत. दादर-माटुंग्याचे ऐसपैस भूखंड पुढें आपल्यासारख्या पांढरपेशांच्या वांट्यास आले. ज्याच्या अंधाऱ्या खोलीच्या नांवानें ट्रस्ट निघाला, तो गिरणी-कामगार तेथें क्वचितच राहावयास आला.