काउचडीबीचं कूळ

देवनारच्या गोवंडी स्टेशन रोडवर आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची सूत्रं इथून हलतात. १९९२-९३च्या पहिल्या फेरीत कागदी प्रश्नावल्या होत्या, २०१५-१६च्या चौथ्या फेरीत छोटे संगणक आले. दारोदार फिरून माहिती टिपणाऱ्यांची अडचण जुनीच आहे: एका घराची नोंद अखंड हवी, आणि ती लिहिताना रेंज असेलच असं नाही. या सर्वेक्षणाशी काउचडीबी या डेटाबेसचा संबंध नाही, पण तो अशाच अडचणीवरचा तोडगा आहे.

त्याचा मूळपुरुष शोधायचा तर इलिनॉय विद्यापीठात जावं लागतं. तिथल्या प्लेटो या संगणक यंत्रणेवर १९७३ साली सतरा वर्षांच्या डेव्हिड वूलीने ‘नोट्स’ हे सॉफ्टवेअर लिहिलं. ते वापरलेल्या रे ऑझींनी १९८४मध्ये आयरिस असोसिएट्स काढली, आणि १९८९मध्ये लोटस नोट्स बाजारात आलं. कचेऱ्या सतत जोडलेल्या ठेवणं तेव्हा परवडत नसे. म्हणून प्रत्येक ठिकाणी नोंदींची आपली प्रत ठेवायची, नि मोडेम लागला की बदल जुळवून घ्यायचे. काउचडीबीला वारशात मिळालं ते हेच.

लोटस नोट्सवर काम केलेल्या डेमियन कॅट्झ यांनी २००५मध्ये काउचडीबी जाहीर केला. त्याची भाषा आधी सी++ होती, मग टेलिफोन एक्स्चेंजसाठी एरिक्सनने घडवलेली अर्लांग आली. नोंदींच्या मांडणीत एक्सएमएल जाऊन जेसन आलं. २००८मध्ये प्रकल्प अपाचे फाउंडेशनकडे गेला, २०१०मध्ये १.० आवृत्ती निघाली.

सुरुवात करणं सोपं आहे. प्रशासकाचा पासवर्ड ठरवा (तिसऱ्या आवृत्तीपासून त्यावाचून गाडी सुरूच होत नाही), ब्राउझरमध्ये आपल्याच संगणकाचं ५९८४ क्रमांकाचं पोर्ट उघडा. ‘वेलकम’ असं उत्तर येतं. पुढचं सगळं एचटीटीपी विनंत्यांनी: पुट म्हटलं की डेटाबेस तयार, पुन्हा पुट केलं की त्यात दस्तऐवज, गेट म्हटलं की तो परत हातात. डेटाबेसचं नाव लहान रोमन अक्षरांतच लागतं. आत मात्र खुशाल मराठी लिहा. दस्तऐवज बदलताना त्याचा चालू आवृत्तिक्रमांक सोबत द्यायचा. तो जुना निघाला तर ४०९ हा त्रुटिसंकेत येतो: मधल्या वेळेत दुसऱ्याने बदल केलेला असतो. दोन प्रती वेगवेगळ्या बदलून मग जुळवल्या, तर एक पुढे येते, पण हरलेलीही जपली जाते. मला ही सभ्यता फार आवडते.

डिमागी कंपनीचं कॉमकेअर हे मोबाइलवर नोंदी टिपायचं सॉफ्टवेअर याच डेटाबेसवर वाढलं. २०१८च्या पोषण अभियानात अंगणवाडी सेविकांच्या अकरापैकी दहा रजिस्टरांच्या जागी आलेलं मोबाइल अॅप कॉमकेअरवर उभं होतं. नोंदी फुगल्या तसे कॉमकेअरने फॉर्म पोस्टग्रेस्क्यूएल या दुसऱ्या डेटाबेसकडे नेले. २०२१मध्ये त्या अॅपची जागा पोषण ट्रॅकरने घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन निकृष्ट आहेत आणि नवं अॅप इंग्रजीत आहे, ही त्यांची तक्रार होती.