हरणाऱ्याला बक्षीस : एनबीएच्या ड्राफ्टची साठ वर्षांची दुरुस्ती

म्हाडाची सोडत आपल्याला माहीत आहे. चिठ्ठी निघाली तर घर, नाही तर पुढच्या वर्षी परत अर्ज. अमेरिकेतल्या एनबीएमध्ये, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, दरवर्षी अशीच सोडत निघते. फरक एवढाच की तिथे घर लागत नाही, माणूस लागतो. आणि ज्याचं नाव निघतं त्याने कुठे राहायचं, कोणाकडे नोकरी करायची, हे त्याला कोणी विचारत नाही.

याला ड्राफ्ट म्हणतात. पद्धत १९४७ पासून चालू आहे. कल्पना चांगली होती. जो संघ सगळ्यात कमकुवत, त्याला नवीन खेळाडूंमधून आधी निवडू द्या, म्हणजे श्रीमंत शहरांचे संघ सगळी गुणी पोरं विकत घेऊन बसणार नाहीत. दुबळ्याला आधार, यात वाईट काय?

वाईट हे, की दुबळं असण्यातच फायदा दिसायला लागला.

सुरुवातीला एक ‘प्रादेशिक’ सवलतही होती. आपल्या भागातला खेळाडू संघाला आधी घेता यायचा, म्हणजे स्थानिक प्रेक्षक तिकीट काढतील. १९५९ मध्ये विल्ट चेंबरलेन कॉलेजला कॅन्ससमध्ये होता, पण शाळा फिलाडेल्फियातली म्हणून फिलाडेल्फियाने त्याच्यावर हक्क सांगितला, आणि तो मान्यही झाला! ही सवलत १९६६ मध्ये गेली. मग आला नाणेफेकीचा काळ. दोन्ही गटांतले तळाचे दोन संघ, एक नाणं, जिंकेल त्याला पहिली निवड. १९६९ मध्ये मिलवॉकीने फिनिक्सविरुद्ध नाणेफेक जिंकली आणि त्यांना मिळाला पुढे करीम अब्दुल-जब्बार म्हणून गाजलेला खेळाडू. दोनच वर्षांत मिलवॉकी विजेता.

हे बघून बाकीचे शहाणे झाले. १९८३-८४ च्या हंगामात ह्यूस्टन मुद्दाम हरतंय अशी उघड बोंब झाली. त्यांना आदल्या वर्षी पहिली निवड मिळालीच होती, यंदा नाणेफेक जिंकून पुन्हा मिळाली. त्यांनी घेतला हकीम ओलाजुवान. (त्याच ड्राफ्टमध्ये मायकल जॉर्डन तिसरा गेला, हे जाता जाता.)

म्हणून १९८५ मध्ये सोडत आली. प्लेऑफला न पोहोचलेले सात संघ, सात पाकिटं, सगळ्यांना समान संधी. न्यूयॉर्कला पॅट्रिक युइंग मिळाला. पाकीट आधीच गार करून ठेवलं होतं, अशी वदंता आजही लोक चवीने सांगतात. ती सोडून द्या. खरा प्रश्न वेगळा होता. तळाशी असलेला गोल्डन स्टेट थेट सातव्या क्रमांकावर ढकलला गेला. म्हणजे ज्याच्यासाठी योजना, त्यालाच लाभ नाही.

आता पुढची गंमत बघा. तळाच्या संघाला न्याय हवा म्हणून १९९० पासून ६६ संधींची विभागणी झाली. सर्वांत वाईट संघाला ११, सर्वांत बऱ्याला १. १९९३ मध्ये निम्मे सामने जिंकलेल्या ऑर्लँडोची ती एकच संधी निघाली, तीही आदल्या वर्षी शकील ओ’नील मिळालेला असताना. पुन्हा आरडाओरडा. मग तळाच्या संघाची शक्यता वाढवून २५ टक्के केली. आणि मुद्दाम हरण्याचं दार परत सताड उघडं!

त्या दारातून फिलाडेल्फिया आत शिरलं. २०१३ पासून तीन हंगामांत त्यांनी ८२ पैकी अनुक्रमे १९, १८ आणि १० सामने जिंकले. हे अपयश नव्हतं, धोरण होतं. तिकीट काढून आलेल्या माणसाला संघ जणू सांगत होता, थांबा, तीन-चार वर्षांनी बघा. २०१४ मध्ये नियम बदलायचा ठराव आला. १७ मतं बाजूने, १३ विरोधात, लागत होती २३. ठराव पडला. उद्या आपल्यावरही ही वेळ येईल, तेव्हा सवलत असू दे, असा विचार अनेक मालकांनी केला असणार. ओळखीचं वाटतंय ना?

शेवटी २०१७ मध्ये बदल मंजूर झाला. २०१९ पासून तळाच्या तिघांना प्रत्येकी १४ टक्के. मग २०२५ मध्ये १.८ टक्के शक्यता असलेल्या डॅलसला पहिली निवड मिळाली, आणि दुबळ्यांचं काय, हा जुना प्रश्न पुन्हा दारात.

थोडक्यात काय, तर लंबक. दर वेळी मागच्या वर्षीच्या तक्रारीवर औषध दिलं आणि त्याच औषधाने पुढचा आजार झाला. या सगळ्या दुरुस्त्या मालकांनी मालकांसाठी केल्या. खेळाडूच्या बाजूने मोठा बदल झाला तो कोर्टामुळे. स्पेन्सर हेवूड हा मिसिसिपीच्या कापसाच्या शेतात राबलेल्या घरातला पोरगा. शाळा संपल्यावर चार वर्षं थांबल्याशिवाय एनबीएत येता येणार नाही, हा नियम त्याने आव्हानित केला आणि १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने कौल दिला. घरची गरिबी असेल तर लवकर येऊ द्या, ही वाट तिथून निघाली. २००५ च्या करारात ती पुन्हा अरुंद केली, किमान वय १९.

मग त्या मधल्या वर्षात पोराने करायचं काय? कॉलेजात खेळायचं. कॉलेजं, टीव्ही, प्रशिक्षक सगळे कमवायचे, खेळाडूला मिळायची शिष्यवृत्ती. स्वतःच्या नावावर चार पैसे कमवायची मुभा त्याला २०२१ मध्ये मिळाली. तयार खेळाडू कॉलेजातून फुकटात मिळत होते, म्हणून एनबीएने स्वतःची दुय्यम लीग २००१ पर्यंत काढलीच नाही. आज तिला जी लीग म्हणतात. २०१८-१९ मध्ये तिथला साधा पगार होता हंगामाला ३५ हजार डॉलर, आणि वरच्या लीगमधल्या नवख्याचा किमान पगार आठ लाखांच्या वर. मध्ये पायऱ्या कमी, दरी मोठी.

या दरीत आपला एक माणूसही उभा होता. पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला. भारतात जन्मलेला पहिलाच. पेपरात फोटो, सगळीकडे कौतुक. पुढे तो डॅलसच्या दुय्यम संघात खेळला. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २०१९ मध्ये एनबीएने मुंबईत दोन सामने भरवले, वरळीचा डोम भरला. बाजार म्हणून आपण त्यांना दिसतो. आपल्या नागपाड्यातल्या कोर्टवर घाम गाळणाऱ्या पोरासाठी शिडी कुठे आहे, हा प्रश्न मात्र राहतो.

उपाय नाहीत असं नाही. बोस्टनच्या माइक झॅरन यांनी एक चक्र सुचवलं होतं. तीस संघ, तीस वर्षं, प्रत्येकाला पाळीपाळीने प्रत्येक क्रमांक. हरण्याचा आणि निवडीचा संबंधच तुटला. त्याहून धाडसी पाऊल अमेरिकेच्या महिला फुटबॉल लीगने २०२४ मध्ये टाकलं. त्यांनी ड्राफ्टच रद्द केला. खेळाडूने स्वतः संघ निवडायचा.

मला विचाराल तर पगारावर मर्यादा असलेल्या लीगमध्ये श्रीमंत संघ सगळे खेळाडू पळवतील ही भीती आता जुनी झाली. खेळाडूला निवड द्या आणि दुय्यम लीगमध्ये पोट भरेल असा पगार द्या. ड्राफ्टचे नियम साठ वर्षं बदलून बघितले की.

दुबळ्याला आधार द्यायलाच हवा. पण आधार देताना दुबळं राहण्याचं बक्षीस होत नाही ना, आणि त्याची किंमत भलताच कोणी मोजत नाही ना, एवढं तपासलं पाहिजे. हे फक्त बास्केटबॉलपुरतं आहे का, ते तुम्हीच सांगा.