बाळंतपणाची पगारी रजा : पांढुर्णा-सौंसरमध्ये कोणाला २६ आठवडे, कोणाला नुसती मदत?

पांढुर्णा/सौंसर : एकाच गावातल्या चार बाया एकाच महिन्यात बाळंत झाल्या, असं समजू. पहिली सरकारी शाळेत शिक्षिका. दुसरी बोरगाव औद्योगिक क्षेत्रातल्या कारखान्यात कामाला. तिसरी ठेकेदारामार्फत संत्र्याच्या छाटणी-पॅकिंगवर. चौथी रोजाने वावरात जाते; निंदण करते, कापूस वेचते. बाळंतपण चौघींचं सारखंच. पण पहिलीला १८० दिवस पूर्ण पगार, दुसरीला २६ आठवडे. तिसरीला हक्क असू शकतो, पण हजेरीचा कागद नसेल तर हातात काहीच नाही. चौथीला रजाच नाही. मिळाली तर एकरकमी मदत.

५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात संत्रा आणि कापूस हीच मुख्य पिकं. त्यामुळे तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारच्या बाया गावोगावी दिसतात. कोणाला काय मिळतं आणि ते हातचं का जातं, याची ही माहिती.

कायदा काय सांगतो?

खासगी नोकरीतली बाळंतपणाची रजा मातृत्व लाभ कायदा, १९६१ ने दिली. सुरुवातीला ती १२ आठवडे होती. १ एप्रिल २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवडे झाली. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. दोन मुलं हयात असतील तर पुढच्या खेपेला १२ आठवडे. गर्भपात झाल्यास ६ आठवडे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात सामावला. २६ आठवडे मात्र कायम आहेत.

अटी दोन. कारखाना, खाण, किंवा १० वा अधिक माणसं कामाला असलेलं दुकान-आस्थापना हवी. आणि बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत तिथे किमान ८० दिवस काम झालेलं हवं. कायम नोकरीची अट नाही. ठेकेदाराच्या हजेरीवर असली तरी हक्क जात नाही. रोजंदारीवरच्या बायांनाही हा लाभ द्यावा, हे सुप्रीम कोर्टाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या कामगार स्त्रियांच्या प्रकरणात स्पष्ट केलं. २०२३ मध्ये कोर्टाने आणखी एक गोष्ट सांगितली : कंत्राटाची मुदत रजेच्या मध्येच संपली, तरी मंजूर काळाचा लाभ तोडता येत नाही.

बाळंतपणानंतरचे पहिले ६ आठवडे बाईला कामावर घेण्यालाच कायद्याची मनाई आहे. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. कायद्याचे ४२ दिवस त्याच्या जवळपास येतात. फरक इतकाच की घरच्या रीतीत विश्रांती आहे, पगार नाही.

ही रजा आली कुठून?

बाळंतपणाच्या रजेचा देशातला पहिला कायदा १९२९ साली मुंबई प्रांतात झाला. त्याआधी जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात या विधेयकाला पाठिंबा दिला होता. पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, मध्य प्रांताचा स्वतंत्र कायदा आला. तेव्हा प्रांताची राजधानी नागपूर होती आणि छिंदवाडा त्याच प्रांतात होता. १९४१ मध्ये खाणीतल्या बायांसाठी वेगळा कायदा झाला. परासियाकडच्या कोळसा खाणी आणि सौंसर भागातलं मँगेनीज पाहता तो या पट्ट्याच्या अगदी जवळचा विषय होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर एका राज्यात गेलं आणि छिंदवाडा दुसऱ्यात राहिलं. तेव्हापासून केंद्राचा कायदा हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकच, पण राज्यांच्या योजना वेगळ्या.

पैसे कोण देतं?

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना ईएसआयमध्ये असेल, तर लाभ ईएसआय देते. त्यासाठी आधीच्या दोन अंशदान कालावधींत मिळून ७० दिवसांचं अंशदान लागतं. ईएसआय नसेल तर पूर्ण भार मालकावर.

हिशेब करून पाहू. रोज सरासरी ४०० रुपये पडतो असं धरलं, तर २६ आठवड्यांचे १८२ दिवस, म्हणजे ७२,८०० रुपये. रविवार वगळायचे नाहीत. सातही दिवस धरायचे, हे सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्येच ठरवून दिलं आहे. छोट्या मालकाला ही रक्कम एकदम जड जाते. मग लग्न झालेल्या मुलीला कामावर घेतानाच तो मागे-पुढे पाहतो.

ईएसआयमध्ये तोच भार सगळ्यांत वाटला जातो. २६ दिवसांच्या १०,४०० रुपये पगारावर कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे ७८ रुपये, मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ३३८ रुपये. महिन्याला ३३८ भरणाऱ्या मालकाला पुढे ७२,८०० खिशातून काढावे लागत नाहीत. म्हणून ईएसआयचे पैसे कापले जाताना कामगाराने कुरकुर करण्यापेक्षा, ते आपल्या नावावर जमा होतात का, हे पाहणं शहाणपणाचं.

संत्र्याची बाग का सुटते?

कायद्यात मळ्यांवरच्या कामगारांना रजा आहे. पण १९५१ च्या मळा कामगार कायद्यात मळा म्हणजे चहा, कॉफी, रबर, सिंकोना, वेलची. राज्य सरकार अधिसूचना काढून दुसरं पीक त्यात घेऊ शकतं, पण आपोआप संत्रा त्यात येत नाही. म्हणून बागेत तोडणी करणारी बाई बाहेर राहते. तोच माल १० हून अधिक माणसांच्या पॅकिंग केंद्रात गेला की तिथल्या बाईला हक्क लागू होऊ शकतो.

तिची अडचण ८० दिवसांची. आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या आसपास निघतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. दोन्ही हंगाम एकाच केंद्रात केले तर ८० दिवस भरू शकतात. पण हजेरी ठेकेदाराच्या वहीत नुसत्या आकड्यांत, बायांची नावं नाहीत, पैसे रोख. मग सिद्ध काय करायचं?

रजा नाही, त्यांना काय?

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात : ३,००० आणि २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये. ही रक्कम बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई मानली जाते. मध्य प्रदेशात संबल नोंदणी असलेल्या मजूर स्त्रीला प्रसूती सहायता योजनेतून १६,००० रुपये आहेत : तपासण्या झाल्यावर ४,००० आणि सरकारी दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर १२,०००. पहिल्या खेपेला मातृवंदनेची रक्कम यातच धरली जाते, त्यामुळे दोन्हींची बेरीज करून बसू नये.

४०० रुपये रोजाने ५,००० म्हणजे साडेबारा दिवस, १६,००० म्हणजे ४० दिवस. जेमतेम सव्वा महिना निघतो. तोही पैसे वेळेवर आले तर. खात्यात उशिरा पडले, तर बाई तोवर वावरात गेलेली असते.

हद्द ओलांडताना

पहिलं बाळंतपण माहेरी. आणि इथल्या कितीतरी सुनांचं माहेर वरुड, नरखेड, काटोल, सावनेरकडचं. मध्य प्रदेशच्या योजनेसाठी समग्र आयडी लागतो. लग्नानंतर सासरच्या समग्रमध्ये नाव चढवलं नसेल तर अर्ज अडतो. हे काम सातव्या महिन्यात माहेरी जाण्याआधी उरकावं. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावं आणि प्रत्येक तपासणी त्यावर लिहून घ्यावी.

नागपूरला बांधकामावर जाणाऱ्यांसाठी महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार मंडळाची मदत वेगळी : साध्या बाळंतपणाला १५,०००, सिझेरियनला २०,००० रुपये. त्यासाठी मंडळात नोंदणी आणि ९० दिवस कामाचा दाखला हवा.

बापाची रजा आणि फायदा

केंद्र सरकारी नोकरीत बापाला १५ दिवस पगारी रजा आहे. खासगी नोकरीत कायद्याने एकही दिवस नाही. बाहेरगावी कामाला असलेला बाप बारशाला येतो आणि दुसऱ्या दिवशी परत जातो. घरचा भार आजीवर पडतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांचंही फार वेगळं नाही. तिथल्या १९९३ च्या केंद्रीय कायद्यात १२ आठवडे रजा आहे, पण बिनपगारी.

रजेचा फायदा बाळाला थेट मिळतो. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हा डॉक्टरांचा सल्ला आणि २६ आठवडे हा हिशेब जुळतो. २० अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पगारी रजा एक महिना वाढली तिथे बालमृत्यूचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी कमी दिसलं.

हे कागद जपा

१. हजेरी कार्डाचा किंवा मस्टरच्या पानाचा मोबाइलवर फोटो, दर महिन्याला.
२. मजुरी शक्यतो खात्यात; रोख असेल तर सही असलेली चिठ्ठी.
३. ईएसआय क्रमांक आणि कापलेल्या पैशांची पावती.
४. आधारशी जोडलेलं स्वतःच्या नावाचं बँक खातं, समग्र आयडी, संबल कार्ड.
५. रजेचा लेखी अर्ज आणि त्याची पोच. अर्ज आधी दिला नसेल तर बाळंतपणानंतर लवकर द्यावा. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही.

बाळंतपणाआधीच्या काळाची रक्कम आगाऊ आणि उरलेली रक्कम बाळंतपणाचा दाखला दिल्यावर ४८ तासांत देणं मालकावर बंधनकारक आहे. रजेवर असताना कामावरून काढता येत नाही. काढलं किंवा पैसे दिले नाहीत तर कामगार विभागाच्या निरीक्षकाकडे लेखी तक्रार करता येते. तिथे पहिला प्रश्न एकच असतो : किती दिवस काम केलं आणि पुरावा काय?