जहाजावरील माणसांची मोजदाद : मजुरांच्या सागरप्रवासाचे कायदे

गुलामांच्या वाहतुकीसंबंधी ब्रिटिश पार्लमेंटने इ. स. १७८८ साली एक कायदा केला. सर विल्यम डॉल्बेन यांनी तो पुढे आणल्यामुळे त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. जहाज किती टनांचे आहे हे पाहून त्यात किती गुलाम भरावेत याची मर्यादा या कायद्याने घातली व प्रत्येक जहाजावर वैद्य असलाच पाहिजे असे बंधनही घातले. आणखी एक कलम होते : प्रवासात शेकडा दोहोंपेक्षा अधिक गुलाम दगावले नाहीत तर कप्तानास १०० पौंड व वैद्यास ५० पौंड बक्षीस. माणसास विकण्यासाठी नेणे हे पाप आहे की नाही याविषयी कायदा मुका होता. माणूस जिवंत पोहोचावा एवढीच त्याची इच्छा होती. गुलामांचा व्यापार १८०७ साली बंद झाला, तरी गरीब माणसे समुद्रापार नेणाऱ्या जहाजांवर पुढील सव्वाशे वर्षे जे नियम चालले, त्यांचे मूळ बऱ्याच अंशी या चमत्कारिक कायद्यात आहे.

खुद्द ब्रिटनमधून देशांतर करणाऱ्यांसाठी पहिला प्रवासी-कायदा १८०३ साली झाला. दर दोन टनांमागे एकच प्रवासी, अन्नपाण्याचा ठराविक साठा व वैद्य अशा त्यातील तरतुदी उदार होत्या खऱ्या. परंतु स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील जमीनदारांनी त्यास जो पाठिंबा दिला तो केवळ भूतदयेपोटी नव्हता. प्रवास महाग झाला म्हणजे कुळे जमीन सोडून अमेरिकेस जाणार नाहीत, हा हिशेबही त्यामागे होता. पुढे ऑस्ट्रेलियास कैदी नेणाऱ्या जहाजांवर ज्वराने भयंकर मृत्यू झाले, तेव्हा सिडनीचे डॉ. विल्यम रेडफर्न यांनी १८१४ साली अहवाल लिहिला आणि त्यानंतर आरमारातील अनुभवी शल्यवैद्य त्या जहाजांवर अधिकारी म्हणून नेमले जाऊ लागले. वैद्य हा कप्तानाचा नोकर न राहता सरकारचा अधिकारी झाला, हा बदल मोठा होता. तरीही कायदा कोठे लागू होतो आणि कोठे नाही यावर सर्व अवलंबून राही. १८४७ साली आयर्लंडच्या दुष्काळातून निघालेली जहाजे कॅनडातील ग्रोस आयल बेटावर टायफसचे रोगी घेऊन आली. त्या एका वर्षी त्या बेटावर पाच हजारांहून अधिक माणसे पुरण्यात आली. रोग्यांची शुश्रूषा करणारे कित्येक धर्मगुरू, रोमन कॅथलिक तसेच अँग्लिकन, त्याच ज्वराने मृत्यू पावले.

आता आपल्या देशाकडे वळू. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १८३४ साली कायद्याने संपली आणि त्याच वर्षी २ नोव्हेंबर रोजी 'अ‍ॅटलास' जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात पोहोचले. आरंभीच्या मजुरांत छोटा नागपूरच्या डोंगरातील आदिवासी पुष्कळ होते. ज्या लोकांत १८४५ पासून गॉसनर मिशनने काम केले, तेच हे लोक. १८३७ च्या पाचव्या कायद्याने प्रत्येक मजुराने सरकारी अधिकाऱ्यापुढे हजर व्हावे, करार इंग्रजीत व त्याच्या मातृभाषेत लिहिलेला असावा, मुदत पाच वर्षांची असावी आणि जहाजावर जागा, अन्न व औषध यांची सोय असावी असे ठरविले. कागदावर सर्व काही होते. जानेवारी १८३८ मध्ये 'व्हिटबी' व 'हेस्परस' ही जहाजे कलकत्त्याहून ब्रिटिश गियानास निघाली आणि मे महिन्यात तेथे पोहोचली. इकडे इंग्लंडातील गुलामगिरीविरोधी मंडळींनी व कलकत्त्याच्या नागरिकांनी एवढा गजहब केला, की त्याच वर्षी सरकारला हे देशांतर थांबवावे लागले.

त्यानंतर कलकत्त्यात जी चौकशी-समिती बसली, तिच्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे अशी माझी इच्छा आहे. डिकन्स हे तिचे अध्यक्ष. सभासदांत रसमय दत्त हे बंगाली गृहस्थ होते, त्याचप्रमाणे कलकत्त्याच्या स्कॉटिश चर्चचे पाळक रेव्ह. जेम्स चार्ल्स हेही होते. समितीने साक्षी घेतल्या. भरती करणाऱ्या दलालांनी लोकांस फसवून आणले, कोठे जावयाचे व किती दूर हे त्यांस कळू दिले नाही, जहाज सुटेपर्यंत त्यांच्यावर पहारे ठेवले, हे त्यांतून उघड झाले. १८४० साली बहुमताने असा निष्कर्ष निघाला, की हा व्यवहार पुन्हा सुरू होऊ देऊ नये. कोणत्याही नियमांनी त्यातील अन्याय दूर होणार नाही. या मतावर रेव्ह. चार्ल्स यांची सही आहे. जॉन पीटर ग्रँट या सनदी अधिकाऱ्याने भिन्न मतपत्रिका जोडली. नीट नियम केले तर देशांतर मजुरांच्याच हिताचे ठरेल, असे त्याचे म्हणणे. सरकारने अखेर ग्रँटची वाट धरली, आणि १८४२ साली मॉरिशसचा व दोन वर्षांनी वेस्ट इंडीजचा मार्ग खुला झाला. ग्रँट हा पुढे जमैकाचा गव्हर्नर झाला.

यापुढील इतिहास म्हणजे ग्रँटच्या मताची कसोटी होय. बंदरोबंदरी देशांतरितांचे संरक्षक म्हणून अधिकारी नेमण्यात आले. कलकत्ता व मद्रास यांच्या तुलनेने मुंबईहून फार थोडे लोक गेले. मॉरिशसला आलेल्या सुमारे साडेचार लाख मजुरांत मुंबईकरांचा वाटा जेमतेम शेकडा सात. परंतु त्यांत रत्नागिरीकडील व आसपासचे मराठी भाषिक होते, आणि त्यांचे वंशज त्या बेटावर आजही आपले मराठीपण राखून आहेत.

कसोटीचा निकाल प्रथम वाईटच लागला. जानेवारी १८५६ मध्ये 'हैदरी' व 'फत्ते मुबारक' ही जहाजे कलकत्त्याहून पटकीचा रोग घेऊन मॉरिशसला आली. बेटावर साथ येऊ नये म्हणून अधिकाऱ्यांनी प्रवाशांस गॅब्रिएल या उजाड बेटावर उतरविले. तेथे पुरेसा निवारा नव्हता, पाणी व औषधे अपुरी. अडीचशेहून अधिक माणसे तेथेच मेली. क्वारंटाइनचा नियम पाळला गेला होता. तो मात्र बेटावरील रहिवाशांसाठी केलेला होता, प्रवाशांसाठी नव्हे. हिंदुस्थान सरकारने काही काळ मॉरिशसची जहाजे बंद केली. त्याच सुमारास, १८५६-५७ च्या हंगामात, कलकत्त्याहून वेस्ट इंडीजकडे गेलेल्या प्रवाशांपैकी शेकडा सुमारे सतरा वाटेत दगावले. डॉ. मौअट यांनी याची चौकशी केली. कित्येकांस डेपोतच रोगाने गाठलेले असे.

या आकड्यांनी जे केले ते समितीच्या साक्षींनी झाले नव्हते. १८६४ चा तेरावा कायदा व पुढे १८८३ चा एकविसावा कायदा यांनी बारीकसारीक तपशील ठरविले. प्रत्येक मोठ्या माणसास १२ चौरस फूट जागा; भात, डाळ, तूप, हळद, कांदे यांचे रोजचे माप; स्वयंपाकी, भंगी, दुभाषी; चढण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी. एकट्या पुरुषांस जहाजाच्या पुढील भागात, एकट्या स्त्रियांस मागील भागात व कुटुंबांस मध्ये ठेवीत. धर्मोपदेशकाची मात्र तरतूद नव्हती. सर्वांवर देखरेख शल्यवैद्याची, आणि त्याचा मेहनताना जिवंत उतरलेल्या माणसांच्या संख्येवर ठरे. डॉल्बेनचे बक्षीस असे पुन्हा भेटते. योहानकृत शुभवर्तमानातील मोलकऱ्याची आठवण येथे कोणास होईल; पण न्यायाने सांगावयाचे तर हा मोलकरी पुष्कळदा पळाला नाही. फिजीचे पहिले जहाज 'लिओनिडास' १८७९ साली पटकी व देवी घेऊन पोहोचले आणि ४६३ जण उतरले. विसाव्या शतकाच्या आरंभी आगबोटी चालू झाल्यावर फिजीच्या बहुतेक फेऱ्यांत मृत्यूंचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. हजारो माणसे या नियमांमुळे वाचली. ती गोष्ट हलकी लेखू नये.

पण रेव्ह. चार्ल्स व त्यांच्या सहकाऱ्यांचा आक्षेप जहाजाविषयी नव्हताच. करार न समजता अंगठा उठवणारा माणूस जहाजावर कितीही चांगला सांभाळला, तरी उतरल्यावर तो मळ्याच्या मालकाच्या हाती जाई, आणि कामावर गैरहजर राहणे हा तेथे तुरुंगात टाकण्याजोगा गुन्हा होता. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया असाव्यात असा नियम कुटुंबव्यवस्थेच्या हितार्थ म्हणून झाला. दलालांनी तो भरती पुरी करण्याचा आकडा मानला, आणि संख्या भरेपर्यंत एकट्या-दुकट्या, विधवा, टाकलेल्या स्त्रियांस हेरून डेपोत आणले. मळ्यांवर यातून जी दुःखे उपजली ती फिजीतील मेथडिस्ट मिशनरी जे. डब्ल्यू. बर्टन यांनी १९१० साली छापून जगापुढे मांडली. त्यांच्याही आधी, १८९७ पासून, मिस हॅना डडली सुवा येथे याच लोकांत राहून काम करीत होत्या.

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० साली नाताळची मजूरभरती बंद करण्याचा ठराव मांडला व तो मान्य झाला. १९१२ साली संपूर्ण करारपद्धतीच बंद करावी हा त्यांचा ठराव मात्र सरकारी मतांनी पडला. त्यांचे भाषण वाचताना १८४० च्या अहवालाचीच आठवण होते : ही पद्धत सुधारावयाची नसून मोडावयाची आहे. गोखले १९१५ च्या फेब्रुवारीत वारले. त्याच वर्षी सी. एफ. अँड्र्यूज व डब्ल्यू. डब्ल्यू. पिअर्सन फिजीस गेले आणि त्यांच्या अहवालाने उरलेसुरले समर्थनही कोसळले. शेवटचे जहाज 'सतलज' नोव्हेंबर १९१६ मध्ये फिजीस लागले. १९१७ साली भरती थांबली, आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील सर्व करार रद्द झाले.

मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी संस्थेत देशांतरितांच्या नोंदवह्या जपून ठेवलेल्या आहेत. प्रत्येकास क्रमांक, बापाचे नाव, जात, गाव, अंगावरील खूण. १८६० च्या दशकापासून पुढे छायाचित्रेही. कारकुनांनी मराठी व भोजपुरी नावे कानास लागतील तशी लिहिली, म्हणून आपले कोकणातील गाव शोधावयास येणाऱ्या वंशजांस एकच नाव चार तऱ्हांनी उच्चारून पाहावे लागते.